डोळ्याला खिडकी की हाताला आधार? छोट्या मिररलेस कॅमेऱ्यात काय सोडायचं

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून गणितं इथे जरा सविस्तर दिली आहेत. बोलतानाचे "अं..." आणि "म्हणजे" काढलेत. सगळे नाही निघाले.

विषय एका व्हॉइस नोटवरून आला. कोल्हापूरकडची एक श्रोती आहे, वर्षभर शिकवण्या घेऊन तिने पैसे साठवलेत आणि पहिला कॅमेरा घ्यायचाय. फोनवरून सुटका हवीय. शूट काय करणार? गड-किल्ले, धाकट्या भावाच्या कबड्डीच्या मॅचेस आणि आजीच्या रेसिपीचे व्हिडिओ. तिचा प्रश्न असा: "दादा, बजेटमध्ये जे बसतंय त्यात कुठे व्ह्यूफाइंडर नाही, तर कुठे स्टॅबिलायझेशन नाही. दोन्हींपैकी काय सोडू?"

प्रश्न एकदम नेमका आहे, कारण छोट्या मिररलेसमध्ये कंपन्या कात्री लावतात ती बहुतेक याच दोन जागी. सोनीचीच तीन भावंडं घ्या. तिन्हींचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, २४ मेगापिक्सेलचा. झेडव्ही-ई१० (२०२१) मध्ये व्ह्यूफाइंडरही नाही आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही नाही. वजन ३४३ ग्रॅम. ए६४०० (२०१९) मध्ये व्ह्यूफाइंडर आहे, स्टॅबिलायझेशन नाही; ४०३ ग्रॅम. ए६६०० (तेही २०१९) मध्ये दोन्ही आहे. ५०३ ग्रॅम, त्यात मोठी बॅटरीही आली. चौथी तऱ्हा बघायची तर पॅनासोनिकचा लुमिक्स एस९ (२०२४): सेन्सर फुल फ्रेम, बॉडीत स्टॅबिलायझेशन, पण डोळा लावायला काही नाही.

कात्री नेमकी इथेच का? कारण दोन्ही गोष्टी जागा खातात. व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता छोटा स्क्रीन नसतो. एवढ्याशा पॅनेलवरचं चित्र तुमच्या डोळ्याला लांबवर, मोठं दिसावं म्हणून पुढे भिंगं लागतात आणि त्या भिंगांना खोली लागते. स्टॅबिलायझेशनला तर सेन्सरच हलता ठेवावा लागतो. त्याच्याभोवती चुंबक, कॉइल्स आणि सरकायला मोकळी जागा. शिवाय घट्ट बसवलेला सेन्सर आपली उष्णता सहज बॉडीकडे ढकलतो, तरंगता सेन्सर तितक्या सहज नाही. लांब व्हिडिओ शूट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आधी व्ह्यूफाइंडर. फोनवर वाढलेल्या आपल्या पिढीला तो जुनाट प्रकार वाटतो. स्क्रीन आहे की मागे, डोळा कशाला लावायचा? तर भर मे महिन्यात दुपारी बाराला राजगडाच्या बालेकिल्ल्यावर जा आणि कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन बघा. त्यात तुम्हाला तुमचाच चेहरा दिसेल. फोनचे स्क्रीन गेल्या काही वर्षांत भलतेच प्रखर झालेत, कॅमेऱ्याचे त्या मानाने मागे राहिलेत. सोनीत ब्राइटनेसचं 'सनी वेदर' नावाचं सेटिंग आहे, त्याने थोडं निभतं, पण एक्स्पोजर बरोबर आहे का, फोकस डोळ्यावर बसला की कानावर, हे ठरवायला अंधारी खिडकीच लागते.

स्पेक शीटवर व्ह्यूफाइंडरचे दोन आकडे असतात आणि दोन्ही थोडे फसवे असतात. पहिला 'डॉट्स'. २३.६ लाख डॉट्स ऐकायला भारी वाटतं. पण प्रत्येक पिक्सेलमागे लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट्स मोजलेत. १०२४ गुणिले ७६८ गुणिले ३ करून बघा, बरोबर २३,५९,२९६ येतात. म्हणजे खरे पिक्सेल आठ लाखांच्याही आत. तरीही मागच्या स्क्रीनपेक्षा पुष्कळ बरं. ए६४०० च्या स्क्रीनचे ९,२१,६०० डॉट्स म्हणजे फक्त ६४० गुणिले ४८० पिक्सेल. आपल्या पहिल्या वेबकॅमचं रिझोल्यूशन, अगदी तेच!

दुसरा आकडा मॅग्निफिकेशनचा. ए६४०० वर १.०७ लिहिलंय, सोनीच्याच ए७सी या महाग, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ०.५९. मग ए६४०० ची खिडकी दुप्पट मोठी? नाही. हा आकडा ५० मिमीची लेन्स लावून मोजतात, आणि तीच लेन्स छोट्या सेन्सरवर दृश्य जास्त जवळ आणते. म्हणून एपीएस-सी कॅमेऱ्याचा आकडा १.५ ने भागायचा, मायक्रो फोर थर्ड्सचा २ ने. १.०७ भागिले १.५ म्हणजे साधारण ०.७१. दुप्पट नाही, तरीही महागड्या भावापेक्षा मोठीच. किंमत वाढली की खिडकी मोठी होते असं अजिबात नाही.

चष्मेवाल्यांनी (मीही त्यातलाच) आकड्यांवर विसंबूच नये. चष्मा घालून चारही कोपरे दिसतात का, हे दुकानातच बघायचं. खिडकीशेजारी एक छोटी डायऑप्टर चकती असते, ती फिरवून आतली अक्षरं आधी स्पष्ट करा. पुष्कळ जण ती न फिरवताच "व्ह्यूफाइंडर धुरकट आहे" म्हणून मोकळे होतात.

एक मात्र आहे, खिडकी बॅटरी जास्त खाते. ए६४०० एका चार्जमध्ये स्क्रीनवरून सुमारे ४१० फोटो देतो, व्ह्यूफाइंडरवरून ३६०.

आता या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. व्ह्यूफाइंडर हे स्वतःच एक स्टॅबिलायझेशन आहे. फोन आपण कसा धरतो? हात पुढे, कोपरं हवेत. खांद्यापासून बोटांपर्यंतचा सगळा लांबलचक दांडा थरथरतो. कॅमेरा डोळ्याला लावला की दोन हात आणि कपाळ मिळून तीन टेकू होतात, आणि कोपरं आपोआप बरगड्यांना चिकटतात. श्वास अर्धा सोडून शटर दाबलं की फरक फोटोत दिसतो. याला चार्जिंग लागत नाही.

(इथे ऑडिओत मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. तो आमच्या शेजारच्यांचा कुकर आहे, स्पेशल इफेक्ट नाही.)

तर थरथर. ती किती नुकसान करते याचं गणित मी एका शनिवारी करून बघितलं. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर २३.५ मिमी रुंद, त्यावर ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा. ५० मिमीची लेन्स लावून कॅमेरा फक्त ०.१ अंशाने वळला तर सेन्सरवरचं चित्र ०.०८७ मिमी सरकतं. म्हणजे २२ पिक्सेल! ०.१ अंश तुम्हाला जाणवणारही नाही. तेवढीच थरथर २०० मिमीच्या लेन्सवर ९० पिक्सेलच्या आसपास जाते आणि १६ मिमीच्या वाइड लेन्सवर जेमतेम सातवर येते. झूम केल्यावर फोटो हलतात ते यामुळे. जुने फोटोग्राफर म्हणायचे की शटर स्पीड निदान 'एक भागिले फोकल लेंग्थ' ठेवा, त्यामागे हेच गणित. एपीएस-सी वर ते ५० ऐवजी ७५ धरा, म्हणजे सेकंदाचा ऐंशीवा भाग.

स्टॅबिलायझेशन हे सरकणं त्याच क्षणी उलट दिशेने खोडून काढतं. जायरो सेन्सर कॅमेरा किती अंश वळतोय ते सांगतो, प्रोसेसर हिशेब करतो, आणि लेन्समधलं एक भिंग किंवा खुद्द सेन्सर तेवढाच उलटा सरकतो. आपल्या भाषेत फीडबॅक लूप. लेन्समधला प्रकार जुना. कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० च्या लेन्समध्ये आणला. सेन्सर हलवायची युक्ती २००३ च्या कोनिका मिनोल्टा डिमाज ए१ मधली, आणि पाच अक्षांवर हलणारा सेन्सर २०१२ च्या ऑलिंपस ई-एम५ मध्ये आला. पाच म्हणजे मान डोलावल्यासारखं वरखाली, नकार दिल्यासारखं डावीकडे-उजवीकडे, स्टिअरिंग फिरवल्यासारखं गोल, शिवाय न वळता नुसतं आडवं आणि उभं सरकणं. यातलं स्टिअरिंगवालं फिरणं लेन्सला दुरुस्त करता येत नाही, कारण गोल भिंग गोल फिरवून चित्र फिरत नाही. ते सेन्सरलाच जमतं. उलट लांब टेलिफोटोवर सेन्सरला फार दूर धावावं लागतं, तिथे लेन्समधलं भिंग जास्त कामाचं.

याची ताकद 'स्टॉप'मध्ये सांगतात. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवायची मुभा. १/८० वरून निघालं की एक स्टॉप १/४०, दोन १/२०, तीन १/१०. कंपनी पाच म्हणते ते प्रयोगशाळेतले, मी दोन हातचे राखून तीनच धरतो. तीनही थोडे नाहीत. प्रकाश आठपट आत येतो, म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागला असता तिथे ८०० वर भागतं. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि उजेड अगदी मंद. तिथल्या भिंतीवरच्या चित्रासाठी हे वरदान आहे, कारण चित्र हलत नाही.

आणि अडचण नेमकी इथेच आहे. स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, समोरचा माणूस नाही. १/१० ला चढाईवर गेलेला कबड्डीपटू म्हणजे जर्सीच्या रंगाचा फराटा. त्याला १/५०० च्या आसपास शटर हवं, आणि तेवढ्या वेगात स्टॅबिलायझेशन असलं-नसलं जवळपास सारखंच. ढोल-ताशा पथक, लग्नातली वरात, अंगणात धावणारं पोर, सगळीकडे हाच नियम.

(जाता जाता एक गंमत. २०१६ मध्ये ऑलिंपसच्या इंजिनिअरने मुलाखतीत सांगितलं होतं की साडेसहा स्टॉपच्या पुढे पृथ्वीचं फिरणं आड येतं. मला ती थाप वाटलेली. पण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सेकंदाला ०.००४ अंश, आणि वरच्या गणिताने ५० मिमीवर ते जवळजवळ एक पिक्सेल होतं. दृश्यही आपल्यासोबतच फिरतंय हे बिचाऱ्या जायरोला कळत नाही, तो नसलेली थरथर दुरुस्त करायला जातो. २०१९ च्या ई-एम१एक्स ने मात्र साडेसातचा दावा केलाच.)

व्हिडिओसाठी तिसरा पर्यायही असतो, इलेक्ट्रॉनिक. फ्रेमच्या कडा कापून उरलेलं चित्र सॉफ्टवेअरने स्थिर करायचं. झेडव्ही-ई१० चा ॲक्टिव्ह मोड हाच. सोनीचे बरेच कॅमेरे जायरोचा डेटा व्हिडिओ फाइलमध्येच लिहून ठेवतात, आणि जायरोफ्लो नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर तो वाचून नंतर लॅपटॉपवर फुटेज स्थिर करतं, फुकटात. मर्यादा एकच: प्रत्येक फ्रेमच्या आतली पुसटपणाची रेघ सॉफ्टवेअरला काढता येत नाही. म्हणून शटर वेगवान ठेवून शूट करावं लागतं, आणि संध्याकाळी तेवढा उजेड कुठून आणणार?

फोनमध्ये तुम्ही या सगळ्याची खिचडी रोज खाताच: हलती लेन्स किंवा सेन्सर, वर सॉफ्टवेअर, आणि अनेक फ्रेम एकावर एक रचणं. बाइकवाल्यांसाठी एक सूचना. ॲपलने २०२१ मध्येच सांगितलंय की ताकदवान मोटारसायकलच्या इंजिनाची कंपनं फोनमधल्या या हलत्या भागांना बिघडवू शकतात. हँडलवर फोन लावून लेह गाठायच्या आधी कंपन शोषणारा माउंट बघा.

तर कोल्हापूरच्या ताईंना माझं उत्तर: स्टॅबिलायझेशन सोड, खिडकी सोडू नकोस. गडावर ऊन, मॅटवर पळापळ. दोन्हीकडे खिडकीच कामाला येणार. आजीचे व्हिडिओ ओट्याशेजारी ट्रायपॉड लावून होतील. शिवाय ए६४०० सोबत येणाऱ्या १६-५० लेन्सवर 'ओएसएस' लिहिलेलं असतं, म्हणजे लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहेच. ते नसतं ते सिग्मा ३० मिमी एफ १.४ सारख्या लेन्समध्ये. पण कबड्डीच्या हॉलमध्ये तिचं एफ १.४ चं मोठं भोकच जास्त प्रकाश देईल, आणि वेगवान शटरला तोच लागतो. देवळांचे गाभारे, संग्रहालयं, हातात कॅमेरा धरून चालत केलेले व्लॉग, हे तुझं मुख्य काम असतं तर मी उलटं सांगितलं असतं.

वापरलेला कॅमेरा घेणार असाल तर एक तपासणी. बॉडीत स्टॅबिलायझेशन असलेला कॅमेरा बंद करून हळूच हलवला की काही मॉडेल्समध्ये आत खुळखुळ ऐकू येते. घाबरू नका, मोकळा सेन्सर आहे तो. कॅमेरा चालू केल्यावरही खुळखुळत राहिला तर मात्र नमस्कार करून निघा. नंतर सगळ्यात लांब झूमवर १/१५ ला दहा फोटो काढा, पाच स्टॅबिलायझेशन चालू ठेवून, पाच बंद करून. स्क्रीनवर मोठे करून बघा. फरक दिसला नाही तर ती यंत्रणा मेलेली आहे, विकणारा काहीही सांगो. व्ह्यूफाइंडरसाठी बोट आय-सेन्सरवर ठेवून स्क्रीन लगेच बंद होतो का ते बघा, आणि आत पांढरं दृश्य आणून कोपऱ्यांत डाग आहेत का ते बघा. दुसऱ्यांच्या उन्हात ठेवलेल्या कॅमेऱ्यांत हे पॅनेल भाजलेलं मी दोनदा पाहिलंय, कारण खिडकीतलं भिंग ऊन आत गोळा करतं. तुमचा कॅमेरा मानेत लटकवताना पाठ सूर्याकडे राहणार नाही एवढं पाहा.

आणि ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करायचं का, हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. नवे कॅमेरे बऱ्याचदा स्वतः ओळखतात. रात्रीच्या आकाशाचे लांब एक्स्पोजर घेताना मी तरीही हाताने बंद करतो, पृथ्वीचं ते गणित केल्यापासून तर नक्कीच.