क्रोशाला अस्तर लावताना

क्रोशाचं पांघरूण दिसतं तेवढं उबदार नसतं. महिनोन्‌महिने बसून ते विणणाऱ्या बायकांना हे ऐकायला आवडणार नाही. पण जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरलेला असताना पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणात किंवा मोशीत एखाद्या वरच्या मजल्यावर ते एकटं पांघरून झोपून बघावं. ऊब लोकरीची नसते, लोकरीत कोंडून राहिलेल्या हवेची असते; आणि क्रोशाची नक्षी तर खांब नि साखळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवरच उभी राहते. त्या जागेतून हवा खुशाल ये-जा करते. मध्यरात्री पायाचा अंगठा जाळीत अडकतो, तान्ह्याची बोटं अडकतात, आणि पांघरूण उलटं झालं की रंग बदलताना मागे सोडलेली लोकरीची टोकं दिसायला लागतात.

मागून कापड लावलं की यातल्या बहुतेक तक्रारी मिटतात. भोकं झाकली जातात, गाठी लपतात, हवा कोंडते. शिवाय पांघरुणाचं वजन कापड पेलतं, त्यामुळे ते लोंबून लांबुडकं होत नाही. काम ऐकायला अगदी सोपं: कापड आणायचं, बेतायचं, चारी बाजूंनी शिवायचं. आणि पहिल्या धुण्यानंतर त्याचं बोचकं झालेलं बघायचं! मधला भाग फुगलेला, कडा गोळा झालेल्या, कोपरे वर वळलेले. दोष शिवणाऱ्याच्या हाताचा क्वचितच असतो. दोन वेगळ्या स्वभावांची कापडं घाईने एकत्र बांधली, एवढंच झालेलं असतं.

क्रोशाचं कापड फासांचं. आडवं ओढाल तर आडवं वाढेल, टांगाल तर स्वतःच्याच वजनाने उभं ताणलं जाईल. सुती कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं. ते सरळ ओढलं तर हटून बसतं, उरेब ओढलं तरच सैल पडतं. पाण्यात घातल्यावर प्रकार उलटा होतो. बाजारात मिळणारी स्वस्त लोकर बहुधा अॅक्रिलिकची असते, ती पाण्याने आटत नाही. कोरं सुती कापड मात्र आटतं. शंभराला पाच एवढंच आटलं तरी साठ इंच रुंदीवर तीन इंच गेले आणि नव्वद इंच लांबीवर साडेचार. तेवढी लोकर मग जाणार कुठे? ती फुगवटा धरते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात या विषयावर बोलायला एक वेगळीच सोय आहे. इथे रोज, पाळ्यापाळ्यांत, एका कापडाच्या मागे दुसरं कापड लावण्याचं काम चालतं. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. पिंपरीत टेल्को आली, आकुर्डीत बजाज. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ महिंद्राही आली. गाडी आली की सीट आली, आणि सीट आली की तिचं शिवणकाम आलं. जुन्या सीटचं कापडी कव्हर फाटलं असेल तर त्या फाटक्या कडेला बोट लावून बघा. कापड एकपदरी नसतं. वर अंगाला लागणारं जाड कापड, मध्ये दोन-चार मिलिमीटरचा फोमचा पातळ थर, आणि खाली जवळजवळ पारदर्शक, जाळीदार, मऊ कापड. फोमचा वरचा पापुद्रा ज्योतीवर वितळवून त्यावर कापड दाबतात, म्हणजे गोंदाशिवाय थर एकमेकांना चिकटतात. त्या जाळीदार कापडाकडे गाडीत बसणाऱ्याचं आयुष्यभर लक्ष जात नाही, पण तेच काढलं तर शिलाईचा दोरा फोमला करवतीसारखा कापत जातो आणि कव्हर गादीवर चढवताना घसरत नाही, अडकतं.

सीटकव्हर शिवणाऱ्यांच्या मशीनलाही एक खुबी असते. घरच्या मशीनमध्ये खालचे दाते कापड पुढे सरकवतात आणि वरचा दाबपट्टीचा पाय नुसता दाबून बसतो. त्यामुळे खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे रेंगाळतो. ब्लाउज शिवताना हा फरक सुतभर असतो, लक्षात येत नाही. ताणल्या जाणाऱ्या जाड पांघरुणावर मात्र दोन वाव शिवेपर्यंत वरचा थर खालच्यापेक्षा लांब झालेला असतो. सीट शिवणाऱ्या मशीनचा पाय स्वतः चालतो, दोन्ही थर बरोबरीने नेतो. त्याला तिथले कारागीर वॉकिंग फूट म्हणतात. ती मशीन घरात आणावी असं कोणी म्हणणार नाही. पण घरच्या मशीनवर क्रोशा शिवायचाच असेल तर कापड वर आणि क्रोशा खाली ठेवावा, म्हणजे सैल थर दात्यांच्या हवाली होतो. क्रोशाखाली वर्तमानपत्राची पट्टी घालावी, नाहीतर फास दात्यांत अडकतात. टाका लांब ठेवावा. शिवून झाल्यावर कागद फाडून काढता येतो.

मला विचाराल तर मशीन नकोच. कारण नुसतं भाबडेपणाचं नाही.

क्रोशा खऱ्या अर्थाने यंत्रावर होत नाही. दुकानात क्रोशासारखं दिसणारं यंत्राचं कापड मिळतं, पण ते निटिंगच्या जातीचं असतं. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनऱ्यांनी रुजवलेली क्रोशाची लेस आजही बायका घरी बसून हातानेच करतात. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे ज्या चौकोनांच्या पांघरुणांचं वेड आहे, तो ‘ग्रॅनी स्क्वेअर’ १८८५ मध्ये ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकी नियतकालिकात छापून आला होता. आणि ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाच्या बायकांनी ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट जोडून गिनेस विक्रम केला, तोही एकेकीने हाताने विणलेल्या तुकड्यांचाच. म्हणजे वरचा थर गेला तर तो पुन्हा विणण्याला पर्याय नाही. अस्तर मात्र केव्हाही बदलता येतं. म्हणून अस्तर असं लावायचं की ते उसवता आलं पाहिजे, आणि उसवताना लोकरीला कात्री लागता कामा नये. हातशिलाईत हे सहज जमतं. मशीनची बारीक शिलाई लोकरीत रुतून बसते, तिचा दोरा शोधता शोधता फास तुटतो.

कापड कोणतं घ्यायचं, हे ठरवायला मॅचिंग सेंटरमध्ये गेलं की हमखास नवं कापड समोर येतं. पिंपरी कॅम्पच्या बाजारात काय मिळत नाही? पॉपलीन, मलमल, फ्लॅनेल, मांजरपाट, शिवाय हल्लीचं पॉलिस्टरचं मऊ फ्लीस. फ्लीसचा गुण असा की ते आटत नाही, कडेने उसवत नाही आणि थोडं ताणलंही जातं, त्यामुळे क्रोशाशी त्याचं लवकर जुळतं. अवगुण असा की ते घाम शोषत नाही. पुण्याच्या हवेत मार्चनंतर नकोसं होतं. फ्लॅनेल थंडीत उत्तम, पण सुती कापडांत बरंच आटणारं, आणि वजनदार. एका माणसाच्या पांघरुणाला साठ बाय नव्वद इंच धरलं तर क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर होतं. तेवढ्याला मलमल लावली तर पाव किलोच्या आत भागतं, पॉपलीनने साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भर पडते, मध्यम फ्लॅनेलने सहाशे. लोकरच किलो-सव्वा किलोची असते. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर घालायचं असेल तर हा हिशेब आधी करावा.

आणि तरीही या सगळ्यांपेक्षा सरस कापड बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी पडलेलं असतं: आईची किंवा आजीची मऊ झालेली सुती साडी.

या औद्योगिक पट्ट्यात कामासाठी मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसं आली. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची वस्ती सतरा लाखांवर गेली होती. बाहेरून आलेल्या या माणसांच्या ट्रंकांतून गोधड्या आणि वाकळाही आल्या. गोधडी जुन्या कापडाची असते ती गरिबीमुळे, असं सरसकट म्हटलं जातं. गरिबी होतीच. पण त्यात एक पक्कं शहाणपणही होतं. शंभरदा धुतलेलं लुगडं जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग सोडायचा तेवढा सोडून बसलेलं असतं आणि त्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते. धुण्यात ते कुणालाही दगा देत नाही. नवं कापड घेऊन आपण जे गरम पाण्यातून दोनदा काढतो, रंग जातो का म्हणून ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघतो, ते सगळं त्या लुगड्याचं वर्षानुवर्षांच्या वापरात होऊन गेलेलं असतं. फक्त ते उजेडासमोर धरून बघावं आणि दोन्ही हातांनी जरा ओढावं. विरलेलं असेल तर चर्र आवाज येतो. बसण्याच्या जागेवर साडी आधी विरते. तो भाग टाळून बेतावं.

मापाला सहावारी छान बसते. साडेपाच मीटर म्हणजे दोनशे सोळा इंच. नव्वद-नव्वदचे दोन तुकडे निघून उरतंही. पन्हा चव्वेचाळीस-पंचेचाळीस इंच असल्यामुळे साठ इंच रुंदीसाठी जोड द्यावाच लागतो. मधोमध जोड देऊ नये, पाठीला टोचतो आणि दुमड तिथेच पडते. अख्खा पन्हा मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडाव्यात. काठ चांगले असतील तर त्या पट्ट्या काठाच्याच कराव्यात. उलट्या बाजूला इरकली काठ दिसणारं क्रोशाचं पांघरूण मी पाहिलं आहे, आणि सुलटी बाजू कोणती यावर त्या घरात एकमत नव्हतं.

कापड बेतण्याआधी क्रोशा सरळ करून घ्यायला हवा. भिजवायचा, पिळायचा नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं, चटईवर पसरून हाताने चारी बाजू ओढून सारख्या करायच्या आणि न गंजणाऱ्या टाचण्या लावून वाळू द्यायचा. नुसत्या चार बाजू मोजून भागत नाही. दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच पांघरूण काटकोनात आहे. इस्त्रीचा मोह आवरावा. अॅक्रिलिकवर तापलेली इस्त्री टेकली की लोकर चपटी, लिबलिबीत होते आणि ती पुन्हा कधीच उभी राहत नाही. याच वेळी मागची सगळी टोकं सुईने आत ओवून घ्यावीत, सुटलेले फास बांधावेत, कारण नंतर ती बाजू झाकली जाणार.

कापडाला चहूबाजूंनी दुमड घालून ते क्रोशाच्या कडेपासून अर्धा इंच आत राहील असं बेतावं. ताणून मात्र अजिबात बसवू नये, जरा ढिलंच असावं. मग टाचण्या. एका कोपऱ्यापासून सुरू करून टाचत गेलं तर शेवटच्या कोपऱ्याला दोन इंच कापड उरतंच उरतं. त्यापेक्षा आधी चार कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग त्या अर्ध्याचे अर्धे, असं वाटत जावं. फरक असलाच तर तो सगळीकडे पसरतो. शिवताना कापडाच्या दुमडीतले एक-दोन धागे आणि क्रोशाच्या शेवटच्या आधीच्या फेरीतला अर्धा फास उचलावा, म्हणजे वरून टाका दिसत नाही. ज्यांना कलाकुसर हवी आहे त्यांनी कापडाच्या कडेला भरतकामाच्या दोऱ्याने काजटाका घालावा आणि मग क्रोशाची सुई त्या टाक्यातून नि पांघरुणाच्या कडेतून एकदमच काढून खांबांची झालर विणावी. वेळ दुप्पट लागतो. दिसतंही दुप्पट चांगलं.

सगळ्यांत जास्त विसरलं जातं ते मधलं बांधणं. फक्त कडेने शिवलेलं अस्तर ओलं झालं की पिशवीसारखं पाणी धरतं आणि वाळल्यावर मध्ये गोळा होऊन बसतं. गोधडीत धावदोऱ्याच्या ओळी थर धरून ठेवतात. क्रोशावर धावदोरा घातला तर नक्षी मरते. त्याऐवजी चौकोन जिथे एकमेकांना जोडले आहेत तिथे, वीतभर अंतराने, लोकरीच्याच रंगाच्या दोऱ्याने दोन टाके घालून मागे पक्की गाठ मारावी. जोडांवर लोकर आधीच दाट असते, टाका त्यात बुडून जातो. गाठ आवळू नये, दोन थरांमध्ये थोडी हालचाल राहिली पाहिजे. बाळाच्या दुपट्याला गाठींची टोकं अर्धा इंचही मोकळी ठेवू नयेत, ती तोंडात जातात.

प्रत्येक पांघरुणाला अस्तर लावावं असं नाही. बारीक सुती दोऱ्याची नाजूक जाळी, पलंगावर नुसती अंथरायची चादर, किंवा घट्ट आखूड खांबांचं भरीव विणकाम यांना ते नको. पहिल्या दोघींची जाळीच जाते आणि तिसरं चटईसारखं ताठ होतं. जाळी दाखवायची आणि भोकंही झाकायची असतील तर गडद लोकरीमागे फिकं, एकरंगी कापड लावावं. छापील फुलं मागे आली की विणलेली फुलं कोणाला दिसत नाहीत.

धुताना साधं पाणी, सौम्य साबण आणि मशीन असेल तर जाळीची पिशवी. वाळत घालताना एकाच दोरीवर लटकवण्याऐवजी दोन दोऱ्यांवर आडवं, अस्तराची बाजू वर करून टाकावं, म्हणजे उन्हाने लोकरीचा रंग उतरत नाही. काही वर्षांनी अस्तर विरलं की कडेचे टाके उसवून ते काढायचं आणि तोवर मऊ झालेली पुढची साडी त्या जागी लावायची. जुन्या अस्तराचे धड राहिलेले तुकडे गोधडीत जातात.