बाप्तिस्म्याची तारीख आणि जन्माची तारीख

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. त्यामुळे येथील अनेक ख्रिस्ती कुटुंबे पूर्वजांचा शोध घेताना प्रथम मंडळीच्या दप्तराकडे वळतात, आणि बाप्तिस्म्याची (ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराची) तारीख हीच जन्मतारीख समजून वंशावळ मांडतात. परंतु शाळेच्या रजिस्टरातील दाखल तारीख जशी मुलाच्या जन्माची नव्हे, तशीच ही नोंदही केवळ संस्काराची होय. प्रौढपणी धर्मांतर केलेल्यांच्या बाबतीत तर हे अंतर फारच मोठे असते: रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 चा, कोकणातला, बाप्तिस्मा 1895 चा, मुंबईतला, आणि कर्मभूमी मात्र नगर.

जन्माची जुनी सरकारी नोंद गाव नमुना 14 मध्ये (कोतवाल बुकात) पाहावी. तेथील पाने बहुधा मोडी लिपीत असून, बारशापूर्वीच वर्दी दिली गेल्यास, त्यांत बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढाच मजकूर आढळतो. तेव्हा बाळाचे नाव सापडत नाही म्हणून नोंदच नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. दोन्ही दप्तरांतील बापाचे नाव व गाव ताडून पाहावे, आणि दोन्ही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.