कपाळावर चढलेला गॉगल

२१ नोव्हेंबर २०२५ला चारही कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा बोलणं झालं ते कामाच्या तासांवर, ग्रॅच्युइटीवर आणि नेमणूकपत्रांवर. कारखाना कायदा १९४८ मधलं ३५वं कलम डोळ्यांच्या रक्षणाचं होतं. तो कायदाही आता व्यवसाय सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, आणि त्या संहितेखालचा हा पहिलाच पावसाळा. दादरा-नगर हवेलीत पाऊस दोन हजार मिलीमीटरच्या वर जातो. सिल्वासाला लागून असलेल्या सायलीच्या औद्योगिक पट्ट्यात कृत्रिम धागा आणि प्लास्टिकचं काम चालतं. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या हातांत ग्राइंडर असतो, कुठे अ‍ॅसिडचा किंवा कॉस्टिकचा कॅन असतो. अशा कामाला गॉगल लागतोच आणि तो बहुतेक ठिकाणी दिलाही जातो. मात्र जून ते सप्टेंबर त्याच्या काचेवर वाफ धरते, समोरचं दिसेनासं होतं आणि तो कपाळावर चढतो. किरच उडते ती नेमकी अशा वेळी. ‘कामगार ऐकत नाहीत’ असा शेरा मारून हा विषय आजवर मिटवला गेला आहे. हा शेरा चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. चार महिने ज्यातून दिसत नाही तो गॉगल संरक्षक साधन म्हणून पुरवला गेला असं मानताच येणार नाही, आणि त्याची जबाबदारी तो निवडणाऱ्यावर येते.

हे मत भौतिकशास्त्राच्या आधारावर उभं आहे. चेहऱ्याची त्वचा साधारण ३४ अंशांची, घामाने ओली, आणि तिच्यासमोर बोटभर अंतरावर बंदिस्त हवा. ३४ अंशांना एक घनमीटर हवा सुमारे ३७ ग्रॅम वाफ धरून ठेवते, २८ अंशांना जेमतेम २७ ग्रॅम. बाहेर पाऊस असला की काच अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर येते. चेहऱ्याजवळची दमट हवा तिला टेकली की जास्तीची वाफ थेंब होऊन काचेला चिकटते. हे थेंब डोळ्याला वेगळे दिसण्याइतके मोठे नसतात, पण प्रत्येक थेंब प्रकाश वेडावाकडा फेकतो आणि काच दुधी होते. इथवर शाळेतलं विज्ञान झालं. सायलीचा खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जानेवारीत २५ अंशांच्या, ४० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे ९ ग्रॅम वाफ असते. ती गॉगलच्या छिद्रांतून आत आली की काचेजवळची पंधराएक ग्रॅम वाफ सहज उचलून नेते. जुलैत २८ अंशांच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत मुळातच २४ ग्रॅम वाफ असते, म्हणजे आणखी उचलायला तिच्यात तीनएक ग्रॅमचीच जागा उरते. जानेवारीत जे काम एक झुळूक करते, त्यासाठी जुलैत पाचएक झुळका लागतात. त्यात जुलैत घामही जास्त. म्हणून कोरड्या हवेत, वातानुकूलित ऑफिसात बसून डोळ्याला लावून पाहिलेला आणि पास केलेला नमुना पावसाळ्यात नापास होतो. त्यात कामगाराच्या स्वभावाचा काडीचाही संबंध नाही.

शिस्तीने ही अडचण सुटत नाही याचा सगळ्यात बोलका पुरावा अवकाशातून आला आहे. ५ जून १९६६ रोजी जेमिनी-९ यानातून युजीन सर्नन बाहेर पडले. त्यांच्याइतकं कसून प्रशिक्षण मिळालेला माणूस तेव्हा शोधूनही सापडला नसता. पकडायला पुरेसा आधार नव्हता, प्रत्येक हालचालीला अंगातली सगळी ताकद लागत होती आणि पोशाखातली थंड वायूची व्यवस्था एवढा घाम वाहून नेऊ शकत नव्हती. शिरस्त्राणाची काच आतून वाफेने भरली. पोशाख हवाबंद असल्याने हात आत घालायची सोय नाही, म्हणून सर्नन यांनी नाकाचा शेंडा काचेवर घासून बाहेर बघण्यापुरतं एक भोक मोकळं केलं. पाठीवरच्या उड्डाणयंत्राची ठरलेली चाचणी रद्द झाली आणि दोन तासांहून थोड्या अधिक वेळाने ते जवळजवळ आंधळेपणाने यानात परतले. त्यानंतर नासाने अंतराळवीरांना ‘नीट लक्ष द्या’ असं सांगून वेळ मारून नेली नाही. काचेला आतून अपमार्जकाचा पातळ थर द्यायला सुरुवात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जेमिनी-१२ वर बझ ऑल्ड्रिन बाहेर गेले तेव्हा हाताला कड्या होत्या, पायांना अडकवण्या होत्या, मध्ये विश्रांती घ्यायची हे आधीच ठरलेलं होतं आणि कामाचा सराव पाण्याच्या टाकीत झाला होता. काम सुरळीत पार पडलं. म्हणजे काचही सुधारली आणि घाम काढणारं कामही. ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाला मात्र आपण अजून केवळ ताकीद देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काचेवरचा दुसरा मोठा उपाय निघाला तो बर्फातून, आणि तो काढणारा माणूस दातांचा डॉक्टर होता. अमेरिकेतले बॉब स्मिथ वाकडे दात सरळ करण्याचं काम करत आणि मोकळ्या वेळात हिमउतारांवर घसरत. ताज्या भुसभुशीत बर्फात गॉगल धुरकट झाला की दिवस वाया जाई. १९६५च्या सुमाराला त्यांनी दोन काचांचा गॉगल तयार केला. दोन काचांमध्ये हवेचा बंद थर राहतो. हवा उष्णता नीट वाहू देत नाही, त्यामुळे बाहेरची काच थंड पडली तरी आतली काच चेहऱ्याच्या तापमानाच्या जवळ राहते आणि तिच्यावर वाफ धरायला कारण उरत नाही. कडेला त्यांनी हवा जाऊ देणारा पण बर्फाचे कण अडवणारा फोम लावला. ही कल्पना मला थोर वाटते, कारण तिने वाफेशी भांडण काढलंच नाही, फक्त काचेचं तापमान बदललं. पुढे हीच रचना एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांनी उचलली. आपल्याकडे हा खेळ फार रुजलेला नाही. खेळण्यातल्या बंदुकीतून सहा मिलीमीटरची प्लास्टिकची गोळी सुटते. ०.२ ग्रॅमची ही गोळी सेकंदाला शंभर मीटर वेगाने आली तर तिच्यात एक ज्यूल ऊर्जा असते, आणि उघड्या डोळ्यासाठी ती पुरेशी घातक आहे. पळणारा, धापा टाकणारा, घामाघूम खेळाडू आणि चारी बाजूंनी बंद गॉगल, म्हणजे आपल्या शेडमधलीच परिस्थिती. धुरकटलेली काच वर करून पुसण्याचा मोह तिथेही तितकाच असतो आणि धोकाही. त्या मंडळींनी दुहेरी काच घेतली, गॉगलवर बॅटरीचा इवलासा पंखा बसवला, काहींनी काच काढून पोलादी जाळी लावली. खेळात एवढा विचार होतो, मग पोटासाठी ग्राइंडर चालवणाऱ्याच्या डोळ्याचा का होऊ नये?

जाळीचा उपाय मात्र उचलून कारखान्यात आणता येणार नाही. जाळीवर वाफ धरत नाही, पण तिच्यातून बारीक धूळ, ठिणगी आणि अ‍ॅसिडचा शिंतोडा सरळ आत येतो. छिद्रांचंही तसंच. ग्राइंडिंगला कडेला थेट छिद्रं असलेला गॉगल चालतो आणि हवा खेळती राहते. रसायन ओतणाऱ्याला आडवळणाची छिद्रं लागतात, ज्यांतून हवा येते पण थेंब येत नाही. जिथे डोळ्याला झोंबणारा वायू आहे तिथे छिद्रंच नकोत, आणि मग काचेवरच्या वाफरोधक थरावर आणि दुहेरी काचेवरच सगळी मदार राहते. एकाच प्रकारचे गॉगल घाऊक घेऊन सगळ्या खात्यांना वाटण्याची पद्धत म्हणून चुकीची आहे. मास्कचाही विचार गॉगलसोबतच व्हायला हवा. नाकावर न बसणारा धुळीचा मास्क प्रत्येक उच्छ्वास वर, थेट गॉगलमध्ये सोडतो. नाकाची पट्टी दाबून बसवलेला किंवा श्वास खाली सोडणारी झडप असलेला मास्क घेतला तर निम्मी कटकट तिथेच संपते.

खर्चाचा आक्षेप येणारच. चांगला गॉगल महाग पडतो, त्यापेक्षा साबण चोळा, असं सांगितलं जाईल. साबणाला मी कमी लेखत नाही. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ साली शल्यचिकित्सकांसाठी हाच सल्ला छापून आला होता: चष्मा साबणाच्या पाण्यात धुवावा, पाणी झटकावं, मग हवेत वाळू द्यावा. कोविडच्या काळात तो जगभर फिरला. साबणाचा अदृश्य थर पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, थेंबांऐवजी सलग पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्यातून आरपार दिसतं. नासाचं द्रावणही याच तत्त्वावरचं. सायलीत २०२३च्या एप्रिलमध्ये ज्याच्या नव्या संकुलाचं उद्घाटन झालं त्या नमो वैद्यकीय महाविद्यालयातला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आणि हाकेच्या अंतरावरचा फिटर या बाबतीत एकाच नावेत आहेत. फरक श्रमाचा आहे. अंगमेहनतीच्या कामात घामाच्या धारा हा थर धुऊन नेतात आणि तोच साबण डोळ्यात उतरून झोंबतो. साबण म्हणून दुय्यम आधार. छिद्रं आणि काच बरोबर निवडल्यावर त्याचा उपयोग होतो, त्यांच्या बदली होत नाही.

उलट बाजूचा भाबडेपणाही टाळायला हवा. ‘अँटीफॉग’ हा शब्द खोक्यावर छापला म्हणून प्रश्न सुटत नाही. युरोपच्या जुन्या ईएन १६६ मानकात वाफेला दाद न देणाऱ्या काचेवर ‘एन’ हे अक्षर असतं. त्यासाठीच्या चाचणीत गरम पाण्याच्या वाफेवर काच आठ सेकंद टिकली की पुरे. अमेरिकेच्या मानकात २०२०पासून यासाठी ‘एक्स’ ही खूण आली. या खुणा पाहून खरेदी करणं केव्हाही चांगलंच, पण आठ सेकंदांची चाचणी म्हणजे आठ तासांच्या पाळीची हमी नाही. शिवाय अँटीफॉगचा थर नाजूक असतो. धुळीने भरलेली काच शर्टाच्या टोकाने किंवा हातमोज्याने कोरडीच पुसली की थर खरवडतो, आणि महागडा गॉगल महिन्याभरात साध्या गॉगलच्या रांगेत येऊन बसतो. त्यालाही मग निष्काळजीपणा म्हटलं जातं. जवळपास स्वच्छ पाण्याचा नळ नसेल, गॉगल टांगायला खुंटी नसेल, तर कामगाराने तो पुसायचा तरी कशाने?

नव्या संहितेनुसार पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी हवा, धोकादायक प्रक्रियेत हा आकडा अडीचशे. त्याहून लहान युनिटांत गॉगल कोणता घ्यायचा हे मालक, खरेदीचा माणूस किंवा कंत्राटदार ठरवतो. साधनांची हेळसांड न करण्याचं कर्तव्य संहितेने कामगारावरही घातलं आहे, आणि लहान ठिकाणी तेच कलम पहिलं आठवलं जाण्याची मला भीती वाटते. त्यामुळे अशा युनिटांसाठी मी एकच गोष्ट आग्रहाने सुचवेन. तीन-चार प्रकारचे गॉगल थोडे थोडे मागवावेत आणि जुलैच्या मध्यात, जोराचा पाऊस चालू असताना, नेहमीच्या मास्कसह पूर्ण पाळीभर कामावर वापरायला द्यावेत. ते रात्रभर थंड स्टोअरमध्ये नकोत, शेडमध्येच टांगलेले असावेत, नाहीतर गार काचेवर बाहेरूनच दव बसेल. पाळी संपल्यावर कोणता गॉगल किती वेळा वर करावा लागला हे प्रत्येकाला विचारून लिहून काढावं, आणि घाऊक ऑर्डर त्यानंतरच द्यावी.