विश्लेषण : एक प्रशिक्षक निवृत्त झाला, चार विद्यापीठांचे संघ हलले… अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये वारसदार कसा निवडतात?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम संपत आला की प्रशिक्षकांच्या खुर्च्या हलू लागतात. या खांदेपालटाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी घेतलेली निवृत्ती. त्यांची जागा दोन दिवसांत भरली गेली. पण त्याची झळ थेट पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचली.

सेबन यांचे जाणे इतके मोठे का ठरले?

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू आणि हेल्मेट घालून खेळला जाणारा अमेरिकी खेळ. टस्कलूसा येथील अलाबामाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. २००७ मध्ये आलेल्या सेबन यांनी १७ हंगामांत या संघाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. त्याआधी २००३ मध्ये लुइझियाना स्टेटसोबत जिंकलेले धरून एकूण सात. १ जानेवारी २०२४ रोजी रोझ बोल सामन्यात मिशिगनने अलाबामाला जादा वेळेत हरवले. १० जानेवारीला वयाच्या ७२ व्या वर्षी सेबन यांनी खेळाडूंची बैठक बोलावून निर्णय सांगितला.

निवृत्तीचे कारण काय?

वय हे एक कारण होतेच. पण बदललेला खेळही कारणीभूत होता. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर जाहिरातींतून पैसे कमावण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एक हंगाम बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची सवलतही मिळाली. पुढच्या वर्षी खेळायला मिळेल का आणि पैसे किती मिळतील, हे प्रश्न खेळाडूंकडून वारंवार येऊ लागले, असे सेबन यांनी नंतर मुलाखतीत सांगितले.

शोध इतक्या घाईत का?

त्या वेळच्या नियमानुसार मुख्य प्रशिक्षक गेल्यास त्या संघातील खेळाडूंना ३० दिवस ‘ट्रान्सफर पोर्टल’ खुले होत असे. या पोर्टलवर नाव नोंदवले की इतर विद्यापीठे त्या खेळाडूशी बोलणी करू शकतात. म्हणजे खुर्ची रिकामी राहील तितकी संघाला गळती लागणार. त्यामुळेच क्रीडा संचालक ग्रेग बर्न यांनी खेळाडूंकडे ७२ तासांची मुदत मागितली. ओरेगॉनचे डॅन लॅनिंग, फ्लोरिडा स्टेटचे माइक नॉर्व्हेल यांची नावे चर्चेत आली. लॅनिंग यांनी आपण जागा सोडणार नसल्याचे जाहीर केले, तर नॉर्व्हेल यांना त्यांच्या विद्यापीठाने वाढीव करार दिला. अशा चर्चेचा फायदा न गेलेल्या प्रशिक्षकांनाही होतो, तो असा.

निवड कोणाची झाली?

१२ जानेवारीला वॉशिंग्टन विद्यापीठाचे कॅलेन डीबोअर यांची निवड झाली. चारच दिवसांपूर्वी त्यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. त्यांना आठ वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख डॉलरचा करार मिळाला. मुदतीपूर्वी करार मोडल्याबद्दल वॉशिंग्टनला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई द्यावी लागणार होती. मग वॉशिंग्टनने अ‍ॅरिझोनाचे जेड फिश यांना आणले, अ‍ॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन यांना घेतले आणि सॅन होजेने नौदल अकादमीचे माजी प्रशिक्षक केन निउमाटालोलो यांना. दोन आठवड्यांच्या आत चार संघांचे प्रशिक्षक बदलले.

खेळाडूंचे काय झाले?

अठरा-वीस वर्षांची ही मुले अनेकदा विद्यापीठापेक्षा प्रशिक्षकाकडे पाहून प्रवेश घेतात. अलाबामाचा बचावपटू केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला आणि पुढच्याच हंगामात राष्ट्रीय विजेता ठरला. केडिन प्रॉक्टर आयोवाला गेला आणि काही आठवड्यांत अलाबामात परतला. उलट वॉशिंग्टनचे काही खेळाडू डीबोअर यांच्यामागोमाग अलाबामात आले. म्हणजे अलाबामाने जागा भरली, ती दुसऱ्याचे घर मोकळे करून.

नव्या प्रशिक्षकापुढचे आव्हान कोणते?

वारसा पेलण्याचे. अलाबामाने हे पूर्वीही अनुभवले आहे. सहा विजेतेपदे मिळवणारे ‘बेअर’ ब्रायंट १९८२ च्या हंगामानंतर निवृत्त झाले. त्यानंतर पुढच्या विजेतेपदासाठी १९९२ उजाडले. डीबोअर यांच्या पहिल्या हंगामात अलाबामाने नऊ सामने जिंकले, चार गमावले. त्यांतला एक पराभव व्हँडरबिल्टकडून झाला, ज्यांनी १९८४ नंतर अलाबामाला हरवलेच नव्हते. १२ संघांच्या प्लेऑफमध्येही जागा मिळाली नाही. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात नऊ विजयांवर सत्कार झाला असता. इथे मात्र मोजमाप सेबन यांच्या विजेतेपदांशी होते. घरचे सामने होतात त्या मैदानालाही २०२४ पासून सेबन यांचेच नाव आहे.