घोडेच्या उगमाकडे, पायी

आंबेगाव तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि खोऱ्याच्या तळातल्या वाटाही त्याच्याबरोबर बुडाल्या. त्यामुळे घोड नदीचा काठ धरून सह्याद्रीच्या माथ्यावर चालत जायचं म्हटलं, की आता जलाशयाला वळसा पडतो.

घोडेगावहून डिंभे, आसाणे, आहुपे, तिथून कोंढवळमार्गे भीमाशंकर आणि शेवटी घाट उतरून कोकणातलं खांडस. ही वाट सलग मार्ग म्हणून कुणी आखलेली नाही. तरी आखीव मार्गांपेक्षा मला ती सरस वाटते, कारण तिच्यातली प्रत्येक पायवाट कुणाच्या ना कुणाच्या कामाची आहे: गुरांची, हिरड्याची, घाटाखालच्या सोयऱ्यांकडे जाण्याची.

शिनोलीवरून डिंभ्यापर्यंतचं डांबर कंटाळवाणं आहे. एसटीने गेलात तरी काही बिघडत नाही. चालणार असाल तर एक पथ्य पाळा. जुन्नर-आंबेगावचा बिबट्या आता जंगलापेक्षा उसात जास्त आहे. कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला, बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला आणि माद्या उसातच पिल्लं घालू लागल्या. जुन्नरजवळच्या माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते याच संघर्षापायी. पहाटे आणि तिन्हीसांजेला उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नये.

धरणामागे देश पालटतो. इथलं पाणी कुकडी प्रकल्पातून पार सोलापूर जिल्ह्यापर्यंत जातं. काठावरच्या महादेव कोळी वाड्यांची भातखाचरं मात्र पावसाच्याच भरवशावर. उन्हाळ्यात राब भाजायचे, पावसाळ्यात आवणी, उतारावर नाचणी-वरई आणि हातात रोख पैसा यायचा तो बाळहिरड्याचा. हिरड्याची कोवळी फळं झोडून, वाळवून विकतात. अंगणात काळपट फळं पसरलेली दिसली तर ती ओलांडू नका, कडेने जा. वर्षाची मिळकत आहे ती.

आहुप्याच्या रस्त्यालगतच माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी अतिवृष्टीने डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसेना, तेव्हा बाहेर बातमी पोचली. माळीण आता आमडे इथे नव्याने वसलं आहे. जुन्या जागी सेल्फी काढणारे भेटतात. त्यांच्याविषयी न लिहिलेलंच बरं.

आहुपे ऐन कड्यावरचं गाव. समोर खाली गोरखगड, मच्छिंद्रगड आणि मुरबाडचा मुलूख. गावकऱ्यांनी देवाच्या धाकाने राखलेली देवराई इथे अजून दाट आहे. घोड नदी इथल्याच डोंगरात उगम पावते. इथून दिवसभर माथ्याने दक्षिणेला चाललं की भीमेचा उगम. दोघी इतक्या जवळ जन्मतात आणि भेटतात ते थेट खाली, शिरूर-श्रीगोंद्याच्या बाजूला.

आहुपे ते भीमाशंकर हा टप्पा सगळ्यांत देखणा आणि चकवणाराही. ढोरवाटा एकीतून दुसरी फुटत जातात, धुक्यात तर दिशाच कळत नाही. हे 1985 सालापासूनचं अभयारण्य आहे, शेकरूचं घर. म्हणून आधी वनखात्याची परवानगी विचारा आणि गावातला वाटाड्या घ्या. त्याची मजुरी निघतानाच ठरवा, जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस उत्तम.

भीमाशंकरहून खांडसला उतरायला दोन वाटा आहेत. शिडी घाट जवळचा, पण उभ्या कातळावरच्या लोखंडी शिड्यांचा. गणेश घाट लांबचा आणि सोपा. पाठीवर ओझं असेल किंवा दगड ओले असतील तर गणेश घाटानेच उतरा.