बचाव बोटीचा फिटर

पाण्यात पडलेला वैमानिक

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीवर हवाई लढाया पेटल्या, तेव्हा समुद्रात पडलेल्या वैमानिकाला उचलून आणण्याची ब्रिटनची व्यवस्था अगदीच तोकडी होती. जर्मनांकडे पाण्यावर उतरणारी बचाव विमानं आधीपासून होती. शेवटी १९४१ च्या सुरुवातीला ब्रिटिश हवाई दलाने या कामासाठी वेगळं संचालनालय काढलं. खाडीचं पाणी इतकं थंड की उशीर म्हणजे मरण. त्यामुळे सगळी मदार वेगवान बोटींवर, म्हणजे खरं तर त्यांच्या इंजिनांवर.

विमानाचं इंजिन, लाकडी बोट

१९३६ मध्ये आलेली पहिली हायस्पीड लाँच ६४ फुटी होती. तिच्यात तीन ‘नेपियर सी लायन’ इंजिनं, प्रत्येकी ५०० अश्वशक्तीची. मूळ विमानासाठी बनलेल्या या इंजिनात चार-चार सिलिंडरच्या तीन रांगा असत. म्हणजे एका बोटीवर ३६ सिलिंडर सांभाळायचे. इंजिन वजनाला हलकं, ताकदीला दांडगं, पण खाऱ्या हवेत भलतंच नाजूक.

वाट पाहणं इंजिनाला मानवत नाही

ही इंजिनं सांभाळणारे फिटर धक्क्यावर थांबत नसत, बोटीबरोबरच जात. ठरलेल्या जागी बोट तासन्‌तास हेलकावे खात उभी राही. इंजिन मंद चालू ठेवलं तर स्पार्क प्लगवर काजळी धरते. बंद ठेवलं तर ते गार पडतं आणि विजेच्या जोडण्यांत ओल शिरते. आणि वायरलेसवर निरोप आला की क्षणात पूर्ण वेग हवा! म्हणून प्लग काढा, पुसा, पुन्हा बसवा. थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी ओढणाऱ्या जाळ्यांत अडकलेलं शेवाळ उपसा. तेलाचा दाब बघा. हे सगळं डोलत्या बोटीत, वाकून.

पेट्रोलची धास्ती

जर्मन टॉर्पेडो बोटी डिझेलवर चालत, या बचाव बोटी पेट्रोलवर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. त्यामुळे आधी तळ हवेशीर करायचा, मगच इंजिन सुरू. गोळीबारात मात्र फिटरच्या हाती काही उरत नसे. ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्समधल्या दिएप बंदरावर मित्रराष्ट्रांनी केलेल्या हल्ल्यात अशा तीन बोटी गेल्या.

एअरक्राफ्टमन शॉ

बोटींच्या देखभालीच्या या परंपरेत एक नाव अनपेक्षित आहे: पहिल्या महायुद्धातल्या अरब उठावामुळे गाजलेला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. तो नंतर शॉ या नावाने हवाई दलात साधा सैनिक होता. भारतात असताना, तो अफगाणिस्तानात हेरगिरी करतो अशा बातम्या छापून आल्यावर त्याला जानेवारी १९२९ मध्ये मुंबईहून जहाजाने मायदेशी पाठवण्यात आलं. १९३१ मध्ये प्लिमथजवळ एक विमान समुद्रात कोसळताना त्याने पाहिलं. त्या अपघातानंतर बचावासाठीच्या वेगवान बोटींच्या चाचण्यांत तो रमला आणि त्यांच्या देखभालीवर त्याने एक पुस्तिकाच लिहिली. त्याच्या इतर प्रसिद्धीपेक्षा मला ही पुस्तिका जास्त भावते.

आज

हायस्पीड लाँचच्या पहिल्या मालिकेतली १०२ क्रमांकाची बोट नव्वदच्या दशकात दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात उतरली. इंजिनं मात्र आता डिझेलची.