भुलीच्या औषधाचा फुफ्फुसातला मुक्काम

दाढ काढताना किंवा जखमेला टाके घालताना जागा बधिर करण्यासाठी टोचलेलं औषध तिथल्या तिथेच जिरतं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते हळूहळू रक्तात उतरतं आणि शरीरभर फिरतं. मज्जातंतूंना गप्प करणं हेच त्याचं काम. ते मोठ्या मात्रेत मेंदू आणि हृदयापर्यंत पोचलं, तर ओठांना मुंग्या, कानात गुणगुण, मग झटके आणि अखेरीस हृदय बंद पडणं, इथवर मजल जाऊ शकते. असं क्वचितच घडतं, याचं श्रेय डॉक्टरांच्या सावधगिरीला आहेच. पण एक वाटा फुफ्फुसांचाही आहे.

शरीरातून परतणारं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुफ्फुसांत जातं, मग डाव्या बाजूकडून मेंदूकडे आणि इतरत्र निघतं. विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त या वाटेने जातं. म्हणजे शिरेत शिरलेल्या औषधाला मेंदू गाठण्याआधी फुफ्फुसांची वेस ओलांडावीच लागते.

या वेशीवर औषध अडतं ते रसायनशास्त्राच्या एका साध्या नियमामुळे. १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी तयार केलेलं लिडोकेन काय किंवा १९५७मधलं बुपिवकेन काय, ही औषधं सौम्य अल्कली आहेत. त्यांचे काही रेणू विद्युतभार घेऊन वावरतात, काही भाराविना. भार नसलेला रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरतो. रक्ताचा सामू साधारण ७.४ असतो, फुफ्फुसाच्या ऊतींचा त्याहून कमी, म्हणजे थोडा आम्लतेकडे झुकलेला. आत आलेल्या रेणूला तिथे भार चिकटतो आणि परतीची वाट अवघड होते. शास्त्रज्ञ याला आयनांचा सापळा म्हणतात.

मात्र फुफ्फुस हे औषध फारसं नष्ट करत नाही. धरणाने पुराचं पाणी अडवून हळूहळू सोडावं, तसं ते औषध रक्ताला परत देतं. त्याचं विघटन पुढे मुख्यतः यकृतात होतं. फायदा इतकाच, की मेंदू आणि हृदयावर एकदम येणारा लोंढा ओसरतो.

धरणाला मर्यादा असतात, तशा यालाही आहेत. औषध भराभर टोचलं तर साठवण अपुरी पडते. रक्तदाबासाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल बुपिवकेनची फुफ्फुसातली जागा अडवतं. झटके येऊन श्वास अडखळला, की कार्बन डायऑक्साइड साचून रक्त आम्ल होतं, रक्त आणि ऊती यांच्यातली सामूची तफावत घटते आणि सापळा नेमका गरजेच्या वेळी सैल पडतो. म्हणूनच अशा प्रसंगी रुग्णाचा श्वास सांभाळणं ही पहिली निकड ठरते.

कधी फुफ्फुसांना वळसा घालूनच औषध पुढे जातं. हृदयातल्या जन्मजात दोषामुळे ज्या बाळांचं अशुद्ध रक्त उजवीकडून थेट डावीकडे वळतं, त्यांना हे संरक्षण अपुरं मिळतं. मानेत इंजेक्शन देताना सुई चुकून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत शिरली, तर अगदी थोड्या औषधानेही तत्काळ झटके येतात. कारण वाटेत फुफ्फुस लागतच नाही.

१९७९ साली अमेरिकेत जॉर्ज ऑलब्राइट यांनी ‘अ‍ॅनेस्थेसिओलॉजी’ या नियतकालिकाच्या संपादकीयात बुपिवकेन आणि एटिडोकेननंतर अचानक हृदय बंद पडण्याच्या घटनांकडे लक्ष वेधलं. १९९८मध्ये गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवलं, की शिरेतून दिलेलं स्निग्ध द्रावण बुपिवकेनच्या विषबाधेतून हृदयाला वाचवू शकतं. आज ते द्रावण अनेक शस्त्रक्रियागृहांत तयार असतं.

तरी पहिला उपाय सुई धरणाऱ्या हातातच आहे. भूलतज्ज्ञ सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहतात, थोडं औषध देतात, थांबतात, रुग्णाशी दोन शब्द बोलतात आणि मगच पुढची मात्रा देतात. रुग्णाला तो उशीर वाटतो. त्या थांबण्यात धोक्याची पहिली खूण ओळखायला डॉक्टरांना अवसर मिळतो, आणि आलेलं औषध झेलायला फुफ्फुसांनाही.